मनःशांती, किलोमीटरला आठ मिनिटं

दिवाळीचा फराळ संपतो, चकलीच्या डब्यात तळाला नुसता चुरा उरतो आणि पुण्यात धावायचा हंगाम सुरू होतो. तिकडे निफाडला द्राक्षबागायतदार थंडीपासून बाग वाचवायला रात्रीच्या शेकोट्या पेटवतात, हुरड्याची आमंत्रणं यायला लागतात, आणि त्याच सुमारास पन्नाशीपुढचे सद्गृहस्थ गुडघ्याच्या बरंच वर थांबणाऱ्या चड्डीत भर रस्त्यात दिसू लागतात. ऋतुमानच तसं असतं. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

पुणेकराला आपल्या थंडीचा अभिमान आहे आणि तो जरा प्रमाणाबाहेर आहे. 17 जानेवारी 1935 रोजी पुण्याचं तापमान 1.7 अंशांपर्यंत उतरलं होतं. ही नोंद इथे अशा थाटात सांगतात की, सांगणाऱ्याच्या आजोबांनीच तो पारा खाली ओढून धरला असावा. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं. त्या जागेला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. त्यामुळे पारा दहाच्या खाली गेला की, शिवाजीनगरच्या माणसाला आपण हिल स्टेशनला राहतो असं मनापासून वाटतं. त्यावर पाषाणचा माणूस ‘आमच्याकडे तुमच्यापेक्षा दोन अंश कमी’ म्हणून त्याची जिरवतो. सारसबागेतल्या गणपतीला तर थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात. जिथे देवाची ही तयारी, तिथे भक्तांनी उघड्या मांड्यांनी पहाटे घराबाहेर का पडावं?

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : मनःशांतीसाठी.

पूर्वी लोक पोट कमी करायला धावायचे, किंवा डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून धावायचे. कारण प्रामाणिक होतं, पण त्यात एक धोका होता. चार महिन्यांनी कुणीतरी पोटाकडे बघून ‘अजून सुरू केलं नाहीत वाटतं?’ असं विचारायचं. मनासाठी धावण्यात हा धोका नाही. मनाचा घेर मोजायची टेप कुठल्याच शिंप्याकडे नसते.

मनःशांती मिळवायची ठरली की मध्यमवर्गीय माणूस सर्वांत आधी खरेदीला निघतो. बुटांच्या दुकानातला मुलगा तुम्हाला सरकत्या पट्ट्यावर पळवतो, तुमच्या पावलांचा व्हिडिओ काढतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, “काका, तुमचा पाय आत पडतो.” स्वर असा की, आपण घरच्यांना बोलावून घ्यावं. मग आत पडणाऱ्या पायांसाठी वेगळे, बाहेर पडणाऱ्यांसाठी वेगळे आणि खिशात हात पडणाऱ्यांसाठी सर्वांत वेगळे असे बूट दाखवले जातात. सौभाग्यवतींनी बिल पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “अहो, लग्नात सप्तपदीलासुद्धा तुमचा पाय आतच पडत होता. तेव्हा कुणी एवढे पैसे मागितले नव्हते.”

तसं पाहिलं तर 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. आपले शिवनाथ सिंगही अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जायचे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले आणि 1978 साली जालंधरला त्यांनी 2 तास 12 मिनिटांची वेळ नोंदवली. फार लांब कशाला जायचं? बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर नऊवारी साडीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांचा पाय कुठे पडतो, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी बूट घेतलेच, कारण माहिती असणं आणि दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडता येणं, या दोन वेगळ्या सिद्धी आहेत.

कपड्यांच्या बाबतीत आमच्या घरी दोन शास्त्रं नांदतात. पहिलं शरीरशास्त्र. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून जाणते लोक सांगतात की, बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहेत असं समजून कपडे घाला. सुरुवातीची पाच मिनिटं कुडकुडा, मग बरं वाटेल. दुसरं शास्त्र आमच्या आईचं. त्याप्रमाणे थंडी फक्त कानातून शिरते. दंड, पोटऱ्या, मांड्या उघड्या असल्या तरी हरकत नाही, कान झाकलेले हवेत. “कानटोपी घातलीस का?” हा प्रश्न पहाटे अंधारातून येतो तेव्हा आपलं वय बारा असतं. त्यामुळे खाली पॅरिसला पळायला जावा असा माणूस आणि वर माकडटोपीतला दूधवाला, अशा जोडरूपात मी तळजाई टेकडीच्या वाटेला लागतो.

मनःशांतीच्या या साधनेचा एक ग्रुपही असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पहाटे पावणेपाचला जागा होतो. “उठलो”, “निघालो”, “कोण कोण येतंय?”, “मी नाही, काल उशीर झाला”, “मग कशाला उठलास?” अशी चर्चा होऊन सगळे पूर्ण जागे होतात. रविवारी ‘लाँग रन’ असतो, मंगळवारी ‘स्पीड’, गुरुवारी ‘हिल’. मधल्या दिवशी विश्रांती असते, पण ती कशी घेतली त्याचा फोटो टाकावा लागतो. धावून आल्यावर नकाशा टाकायचा, त्यावर अंगठे गोळा करायचे आणि दुसऱ्याचा वेग आपल्यापेक्षा चांगला असेल तर ‘वा!’ लिहून दिवसभर अस्वस्थ राहायचं. ज्याला शांती हवी होती त्याच्याकडे आता चाळीस प्रतिस्पर्धी आहेत.

मनगटावरच्या घड्याळाची तर गोष्टच वेगळी. ते नाडी मोजतं, पावलं मोजतं, ताण मोजतं आणि रात्री झोपेलाही गुण देतं. झोपेत नापास झालेला माणूस सकाळी उठून काय करणार? एका पहाटे चांगली धाव झाली, तळजाईवर मोर ओरडत होते, पूर्वेला तांबडं फुटलं होतं, आणि घड्याळाने थरथरून कळवलं, ‘अनुत्पादक’. ऑफिसात वरिष्ठांनी हा शब्द वापरला असता तर युनियनकडे जाता आलं असतं. मनगटाविरुद्ध कुणाकडे जायचं?

मनाला ताळ्यावर आणायचा धंदा आपल्याकडे नवा नाही. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते 205. म्हणजे सतराव्या शतकात, मोबाइल नसताना, समर्थांसारख्या अधिकारी पुरुषालाही मनाला एकच गोष्ट दोनशेहून अधिक वेळा सांगावी लागली. आपलं मन एका पॉडकास्टमध्ये ऐकेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, ना फोन ना पुस्तक. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जाऊन आले आणि खरोखर बदलले. पूर्वी ते राजकारणावर बोलायचे, आता मौनावर बोलतात. वेळ तेवढाच लागतो.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतली साधना त्यांनी दुखण्याने बेजार झालेल्या माणसांसाठी साध्या रूपात आणली. त्यात एक प्रसिद्ध पाठ बेदाण्याचा आहे. एकच बेदाणा तळहातावर घ्यायचा, पहिल्यांदाच पाहतोय असा पाहायचा, त्याच्या सुरकुत्या निरखायच्या, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग अगदी सावकाश चावायचा. घरी हा प्रयोग केला. सुरकुत्यांपर्यंत ठीक चाललं होतं. बेदाणा कानाशी नेला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “तासगावचेच आहेत. खराब निघाले तर परत घेतो म्हणालाय.” माझ्या सजगतेचा प्रवास तिथे थांबला. तसंही ज्या घरात शिऱ्यात बेदाणा सापडणं हीच एक घटना असते, तिथे हा पाठ आम्ही लहानपणीच पुरा केला आहे.

मग धावण्याने नक्की काय होतं? माझ्या डोक्यात काय घडतं ते क्रमाने सांगतो. पहिल्या किलोमीटरला मी सोसायटीच्या सेक्रेटरींना पार्किंगवरून सुनावतो. काय सुनावतो! मुद्दे एकामागून एक येतात, उपरोध जिभेवर नाचतो, उपविधींची कलमं तोंडपाठ असतात. दुसऱ्या किलोमीटरला ते उलट उत्तर देतात आणि, माझ्याच डोक्यात असूनही, बरोबर मुद्दा काढतात. तिसऱ्याला तळजाईचा चढ लागतो. मी म्हणतो, “हे पाहा, तुम्ही...” आणि पुढचं वाक्य सुचेपर्यंत श्वास संपतो. सेक्रेटरींचाही संपतो, ते माझ्याच फुप्फुसांवर बोलत असतात. मग दोघंही गप्प. तीन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. बुटाखाली खडी करकरते. कानटोपीच्या आत स्वतःचाच श्वास ऐकू येतो. नाकाच्या शेंड्याला थंडी झोंबते आणि पाठीवरून घामाची एक धार सावकाश खाली उतरते, हे दोन्ही एकाच वेळी कळतं. पार्किंगचा प्रश्न तसाच असतो, पण तो मांडायला डोक्यात माणूस हजर नसतो.

माझ्या लेखी मनःशांती म्हणजे एवढंच. मन काही सुधारत नाही. त्याला बोलायला दम उरत नाही. थंडी मदतीला असते कारण ती लक्ष भरकटू देत नाही. वैशाखात धावताना माणूस फक्त सावली आणि पाणी शोधत असतो. मार्गशीर्षात गार हवा छातीत शिरते आणि दर श्वासाला आपण इथे आहोत याची पोच मिळते. लांब पल्ल्याच्या धावण्याला दहा अंशांच्या आसपासची हवा मानवते, कारण शरीराची उष्णता सहज बाहेर पडते. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरात आणि मुंबईची जानेवारीत भरते ती काही तीळगुळासाठी नव्हे.

धावण्यानंतरच्या त्या हलक्या, प्रसन्न वाटण्याचं श्रेय अनेक वर्षं एंडॉर्फिनला दिलं जायचं. पण ते रेणू रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत. 2015 साली जर्मनीतल्या संशोधकांनी चाकावर धावणाऱ्या उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा बोट दुसरीकडे वळलं : शरीर स्वतः तयार करतं त्या एंडोकॅनाबिनॉइड्सकडे. हे भांगेतल्या द्रव्यांचे भाऊबंद. थोडक्यात, सकाळी सहाला टेकडीवरून हसत उतरणारे गृहस्थ कायद्याच्या चौकटीत राहून किंचित तर्र असतात. उंदरांना ही अवस्था घड्याळाशिवाय आणि ग्रुपशिवाय साधली, हे मात्र टिपून ठेवण्यासारखं आहे.

या साधनेत गुरूही भेटतात, न मागता. एक आजोबा रोज त्याच वळणावर काठी टेकून उभे असतात. स्वेटरवर स्वेटर, त्यावर मफलर. मी धापा टाकत जवळ पोचलो की विचारतात, “कुणी मागे लागलंय का?” मी मान हलवतो. “मग पुढे काही वाटतायत का?” मी पुन्हा मान हलवतो. “मग सावकाश जा की. टेकडी काही भाड्याने घेतलेली नाही.” पहिल्यांदा राग आला. नंतर लक्षात आलं की, जगभरचे प्रशिक्षक पैसे घेऊन नेमकं हेच सांगतात. अव्वल दर्जाचे धावपटूसुद्धा आपल्या सरावातला साधारण 80 टक्के भाग सावकाश करतात. सावकाश म्हणजे किती? तर धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पुण्यात ही कसोटी जरा कडक होते, कारण इथलं पूर्ण वाक्य टोमण्यापर्यंत जातं. माझं ते किलोमीटरला आठ मिनिटांत बसतं. याहून वेगात गेलो की टोमणा अर्धवट राहतो.

दुसरे गुरू चार पायांचे. पहाटे रस्ते त्यांच्या ताब्यात असतात आणि थंडीत त्यांनाही अंग गरम करायचं असतं. माझ्या आयुष्यातला सर्वांत वेगवान किलोमीटर त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला. घड्याळाने त्या दिवशी पहिल्यांदा ‘उत्कृष्ट’ म्हटलं. शास्त्र असं सांगतं की, कुत्रं मागे लागलं तर थांबावं, डोळ्याला डोळा न भिडवता शांत उभं राहावं. विपश्यनेची खरी परीक्षा इगतपुरीत होत नाही, ती इथे होते.

पहाटेच्या धुक्याविषयी मात्र कवी व्हायच्या आधी एक सांगतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. त्या झाकणाखाली गाड्यांचा धूर, जाळलेल्या कचऱ्याचा धूर आणि धूळ साचून राहते. मुठेवर तरंगणारं ते नाजूक धुकं निम्मं धुरकं असतं. ऊन वर आलं, जमीन तापली की झाकण उठतं. म्हणून हमरस्त्याने अंधारात फुप्फुसं भरून घेण्यापेक्षा तासभर उशिरा टेकडीवर गेलेलं बरं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणा हवेची अवस्था सांगते, ती निघण्याआधी पाहावी. गारठ्यात रक्तवाहिन्या आखडतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं चालून अंग गरम केल्याशिवाय पळत सुटू नये, आणि छातीची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. ग्रुपमधल्या डॉक्टरांना नव्हे. ते तुम्हाला हाफ मॅरेथॉनला नाव घालायला सांगतील.

हाफचं पुढे फुल होतं आणि तिथे इतिहास आड येतो. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची आहे, कारण 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती विंडसर किल्ल्यापासून सुरू होऊन मैदानातल्या राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपली. तेच अंतर 1921 साली कायम झालं. म्हणजे मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शेवटच्या दोन किलोमीटरला माणसं जे पाय ओढत असतात, ते इंग्लंडच्या राजघराण्याला नीट दिसावं म्हणून. स्वराज्य मिळूनही हे कलम कुणी काढलं नाही. त्यातल्या त्यात दिलासा पेडर रोडच्या चढावर मिळतो. तिथले रहिवासी रविवारची झोप सोडून खाली उतरतात आणि अनोळखी माणसांच्या हातात संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं ठेवतात. एरवी ज्या शहरात लिफ्टमध्ये कुणी कुणाकडे पाहत नाही, तिथे तुमच्या छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून कुणीतरी ओरडतं, “चला काका, संपत आलं!” संपत आलेलं नसतं. पण त्या क्षणी ते खोटं इतकं गोड लागतं की, पुढचा मैल निघून जातो.

राहिला प्रश्न पोटाचा. धावताना किलोमीटरमागे, दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी खर्च होते. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर सुमारे 350. टेकडीच्या पायथ्याशी गरम पोहे, वर शेव, शेजारी ‘एवढं धावलोय तर’ म्हणून घेतलेली मिसळ आणि घरी आल्यावर डिंकाचा लाडू. ताळेबंद मांडला तर धावणं हा पुणेकराचा खाण्यापूर्वीचा विधी ठरतो. त्याबद्दल मला अजिबात खेद नाही. उलट बेदाण्याचा पाठ मला शेवटी या लाडवानेच समजावला. घामाने गार पडलेला शर्ट, दुखणारे पाय, आणि हातात तूप सुटलेला लाडू. दाताखाली डिंक कुरकुरतो, मग खारकेची पूड, मग खोबरं. त्या वेळी सेक्रेटरी आठवत नाहीत, वेग आठवत नाही, फोन कुठे ठेवला तेही आठवत नाही. हा लाडू मात्र कानाशी न्यावा लागत नाही.

तेव्हा यंदाच्या थंडीत ज्यांना मनःशांती हवी आहे त्यांना माझा सल्ला थोडका आहे. जे बूट घरात आहेत तेच घाला. घड्याळ घरी ठेवा. पाय त्याला न विचारता चालतात. ऊन थोडं वर येऊ द्या. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच धावा, आणि बोलायला कुणी नसेल तर उत्तमच. शांती मिळाली का, हे रस्त्यात तपासू नका आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. कानटोपी घाला, कारण आईशी वाद घालून आजवर कुणाला शांती मिळालेली नाही. आणि येताना दुधाच्या दोन पिशव्या आणा. तुमच्या मनःशांतीचं काय व्हायचं ते होईल, निदान घरातल्या बाकीच्यांची तरी टिकेल.